रडण्याचा तर्जुमा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१० मार्च २०२५

चि. अपेक्षास सुदर्शनदादाचे आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. शिवमनंही केला. मोठी आई तर फोनच हातात घेत नाही म्हणे. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. शाळेत दहा मार्कांसाठी पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. चुका निघाल्या तर मास्तरीण होऊ नकोस.

सरळ कामाचं लिहितो. जानेवारीत तुमच्या वस्तीवर फिनलंडवाल्यांचं शूटिंग झालं, ती फिल्म आता तयार होत आलीय. फिनलंड, बेल्जियम आणि आपली मुंबईची एक कंपनी, अशी तिघांची मिळून आहे. मी तिच्यात नुसता दुभाषा नाही बरं का. शेवटी नावं येतात त्यात माझं नाव येणार आहे, 'भाषा व संस्कृती सल्लागार'. ऑगस्टमध्ये तिकडं पहिला खेळ आहे आणि मला बोलावणं आलंय. आपल्या भावकीत विमानात बसणारा मी पहिला असेन.

अडचण एकच. मोठ्या आईचा जो सीन आहे, त्यासाठी तिची लेखी संमती लागते. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची लागते, तिकडचा कायदाच तसा आहे. त्या दिवशीच्या गोंधळात तिचा अंगठा घ्यायचा राहून गेला. फॉर्म सोबत जोडलाय. दोन ठिकाणी अंगठा, एका ठिकाणी साक्षीदार म्हणून तुझी सही. बस्स.

त्या दिवशी जे झालं ते झालं. आइनोबाई, म्हणजे आमची डायरेक्टर, पडली परदेशी. तिला आपल्या माणसांच्या भावना काय कळणार? मी हुकमाचा ताबेदार. राग काढायचा तर तिच्यावर काढ, पण फॉर्म मला पाठव. मोठ्या आईला नमस्कार सांग. तिच्यासाठी औरंगपुऱ्यातून इरकल घेऊन ठेवलीय, येईन तेव्हा आणीन.

तुझा दादा,
सुदर्शन


अजिंठा
१८ मार्च २०२५

सुदर्शन,

वर 'तीर्थरूप' का काय ते लिहायला बसले होते. हात चालला नाही, म्हणून नुसतं नाव.

फॉर्म मिळाला. चुलीत घातला नाय. नीट घडी घालून ट्रंकेत ठेवलाय, भिऊ नको.

'त्या दिवशी जे झालं ते झालं' एवढंच लिहिता येतं व्हय तुला? मग मी लिहिते. त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात लोकांचे दाखले काढत होते. शेजारची सारजाबाई पळत आली. म्हणाली, अगं पोरी, तुमचा शिवम गेला. मी तशीच उठले, चपला तिथंच राहिल्या. वस्तीवर पोचले तर आई ओट्याखाली मातीत लोळतेय आणि तीस माणसं टाळ्या वाजवतायत! ती गोरी बाई आईला मिठी मारून बसलेली. कुणाच्या हातात चहाचा कागदी कप, तो बगलेत धरून टाळ्या वाजवतोय. घरात माणूस मेलं अन् अंगणात टाळ्या पडल्या, असं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नसंल.

मग तू कानातलं यंत्र काढून पुढं आलास. म्हणालास, "मोठी आई, ऊठ. खोटं होतं ते. शिवम बरा आहे." आईनं तुझ्याकडं कसं पाहिलं, आठवतं का? तिनं विश्वास ठेवलाच नाही. कसा ठेवील? आपल्यात मेलेल्याच्या आईला काय सांगतात? "बरा आहे गं, दवाखान्यात आहे, चल भेटून येऊ." आमचे आप्पा गेले तेव्हा हेच सांगून तिला माहेरून आणलं होतं. तुझं 'बरा आहे' ऐकलं अन् तिची उरलीसुरली आशा गेली. शिवम वाळूजला कंपनीच्या बसवर, त्याचा फोन बंद. संध्याकाळी सातला तो दारात येऊन उभा राहिला. साडेपाच तास, सुदर्शन. साडेपाच तास ती मेलेल्या लेकाची आई होती.

आता काय चाललंय ते ऐक. शिवमनं ड्रायव्हरकी सोडली. आई त्याला गाडीच्या किल्लीला हात लावू देत नाय. तो मळ्यात गेला तरी दहा मिनिटांत हाका सुरू होतात. फोनवर 'आई, मी बरा आहे' म्हणाला की ती आणखीच घाबरते, कारण बरा आहे म्हणजे गेला, असं तिच्या डोक्यात बसलंय. बत्तीस वर्षांचा गडी दिवसभर ओट्यावर बसून असतो, आईला दिसावा म्हणून. त्याची सोयरीक ठरत आली होती, ती पण मोडली. घरी बसणाऱ्याला कोण पोरगी देतं?

तुला अंगठा पाहिजे ना? मग आधी लिहून पाठव. ती गोष्ट आईच्या कानात कुणी घातली, कुणाच्या सांगण्यावरून घातली, अन् आई रडताना काय काय बोलली. फोन करू नको, वस्तीवर येऊ नको. बोललेलं तू फिरवतोस. लिही.

अपेक्षा


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२७ मार्च २०२५

अपेक्षा,

तुझं पत्र ऑफिसवर आलं. इथं कापडदुकानाच्या माडीवर आमची एक खोली आहे, चार जण बसलेले असतात, म्हणून जिन्यात उभा राहून वाचलं. दादा म्हणायचंही सोडलंस. ठीक आहे, तुझा हक्क आहे.

सीन असा होता. म्हातारीचा मुलगा दूर देशी निघून जातो आणि ती ओट्यावर बसून सुपात तूर निवडते. मोठ्या आईला त्यासाठी पसंत करायला मीच लावलं होतं. तीन वेळा घेतला, पण बाई काही खूष होईना. तिनं मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, म्हातारी रडली पाहिजे, काहीही कर. आता 'काहीही' म्हणजे काय ते तूच समज. तीस माणसं खोळंबलेली, ओट्यावरचं ऊन सरकत चाललेलं. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कुणी जाऊन सांगितलं असतं, आणि वाकडंतिकडं सांगितलं असतं. मी निदान घरचा होतो. तिच्याजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, मोठी आई, शिवमच्या बसला वाळूजच्या रस्त्यावर अपघात झाला, तो गेला.

टाळ्यांचं म्हणशील तर ती तिकडची रीत आहे. अवघड सीन झाला की सगळं युनिट नटाला टाळ्या देतं. मान असतो तो. आपण हार घालतो ना, तसं.

आणि रडताना ती काय बोलली म्हणून विचारतेस. रडण्यात बाई काय बोलणार? राजा रं, बाळा रं, सगळ्या बायका म्हणतात तेच. मी त्याचा तर्जुमा करून दिला, 'माझ्या बाळा, माझ्या बाळा.' त्यांना तेवढा पुरला.

आपल्याकडं म्हणतातच की, मेल्याची खोटी बातमी उठली तर माणसाचं आयुष्य वाढतं. शिवम शंभरी गाठतो की नाही बघ! जाऊ दे यार आता. किती ताणशील? फॉर्म एप्रिल संपायच्या आत पाहिजे.

सुदर्शन


अजिंठा
२२ एप्रिल २०२५

सुदर्शन,

तुझ्या फॉर्मच्या तळाशी आइनोबाईचा ईमेल छापलेला होता. दुसऱ्याच्या सह्या घेत फिरतोस, पण कागद वाचत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. मी तिला लिहिलं. बी.ए.ला इंग्रजीत पंचावन्न मार्क होते माझे, पण शिव्या घालण्यापुरतं येतं. तू जे लिहिलंस ते खरं धरून मी तिला लई वंगाळ लिहिलं. तू कसली बाई गं, एका आईला लेक मेला म्हणून सांगायला लावतेस, तुझ्या देशात आया नसतात का?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मराठी करून देते. तुझ्याइतका थोडक्यात तर्जुमा मला जमत नाय.

"तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, कारण मला ते समजतच नव्हतं. मी तिला रडायला सांगितलं नव्हतं. मला रडणं नकोच होतं. आमच्याकडं दुःख झालं की माणूस हातातलं काम करत राहतो आणि गप्प बसतो. तुझी आई तूर निवडत होती, मला तेवढंच हवं होतं, आणि तिन्ही वेळा ते सुंदर झालं. मी सुदर्शनला म्हणाले, छान, अजून एकदा घेऊ. तो मान डोलावून गेला. मग ती रडायला लागली. हे काय झालं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ही इकडची मोठी कलावंत आहे, तुमच्यासाठी तिनं आपल्या मनानं केलं. म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचं रडणं खरं होतं हे मला आज कळतंय, आणि मी टाळ्या वाजवल्या."

बाई परकी, पण तिनं शेवटचं वाक्य स्वतःवर घेतलं. तू आमच्या ताटात जेवलेला, अन् तू तिच्यावर ढकललंस.

तिनं मला आईच्या रडण्याची ती सात मिनिटं पण पाठवली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केंद्राचं शटर अर्धं ओढून, इअरफोन कानात घालून ऐकली. तू म्हणतोस, रडण्यात बाई काय बोलणार. लाज सोडली व्हय रे? आपल्या बायका रडतात म्हणजे काय करतात, तुला माहीत नाय? मेलेल्याचा अख्खा जन्म बोलतात त्या. काय खायचा, कुणी छळलं, कुणी जीव लावला, सगळं त्या हेलात येतं. 'माझ्या बाळा' त्यात दोनदा आहे. बाकीचं मी लिहून काढलंय, वाच:

"माझ्या वाघा रं, तुझ्या वाट्याचं दूध म्या सुदर्शनाला पाजलं रं. त्याची माय तापानं पडली होती, तू भुकेनं रडायचा अन् म्या त्याला पदराखाली घ्यायची रं. तुला म्हणायची, तुझं मागून देते, तुला मागून देते. आता कुठून देऊ रं, माझ्या राजा. सुदर्शना, तू असा जवळ बसलास अन् तुझा भाऊ कसा गेला रं. आता तूच खांदा दे त्याला. तुझ्यात माझं दूध हाये, तूच खांदा दे."

हे ती तुझ्या तोंडाकडं बघून म्हणतेय. तुझा गुडघा दिसतो कोपऱ्यात. तो हलत सुद्धा नाही.

मला हे माहीत नव्हतं. शिवमला नव्हतं. मी आईला विचारलं, एवढं पोटात कसं ठेवलंस? म्हणाली, दिलेलं बोलून दाखवलं की नासतं.

आता खरं लिही. सगळं लिहिलंस तर अंगठ्याचं आईला विचारते, शब्द देते. नाय लिहिलंस तर तुझं विमान मुंबईतच राहील.

अपेक्षा


गारखेडा
२८ एप्रिल २०२५

अपेक्षा,

तीन कागद फाडले. हा चौथा.

आइनोनं रडायला सांगितलं नव्हतं. मी खोटं लिहिलं.

दहा वर्षं मी मुंबईच्या युनिटांना इकडची माणसं, गाड्या, जेवण पुरवतोय. तिथं साहेब आईबहिणीवरून शिव्या देतो तेव्हा समजायचं, काम ठीक चाललंय. 'छान, अजून एकदा' असं गोड बोलला की समजायचं, आपली सुट्टी झाली. आइनो तीनदा तेच म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही, हसणं नाही, चिडणं नाही. ह्या लोकांचं तोंड म्हणजे बंद दुकान. मला वाटलं सीन पडला. नुसतं तूर निवडत बसणं, हा काय सीन असतो का? उद्या ती दुसरी म्हातारी शोधणार, आणि सगळे म्हणणार, सुदर्शननं आपल्या घरची आणली आणि तोंडावर पडला. तिला विचारायला पाहिजे होतं, बाई, नक्की काय पाहिजे? पण आम्ही विचारत नसतो. साहेबाला विचारलं म्हणजे आपल्याला कळत नाही असं होतं. साहेबाच्या मनातलं न विचारता ओळखायचं, ह्याचीच भाकरी मी खातो.

म्हणून ओळखलं. चुकीचं ओळखलं.

दुधाचं मला माहीत होतं. माझ्या आईनं मला सांगितलं होतं, कॉलेजात असताना. म्हणूनच मी स्वतः जाऊन सांगितलं, असिस्टंटला नाही पाठवलं. मी सांगितलं तर मोठी आई शंका घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती तसं बोलायला लागली तेव्हाच उठून ओरडायला पाहिजे होतं, बंद करा. पण कॅमेरा चालू होता अन् सगळे श्वास धरून बघत होते. मला वाटलं, जमलं. देवाशप्पथ, मला हेच वाटलं.

आता झालं का समाधान? तू मागितलंस ते लिहून दिलं. आता अंगठा दे. हे माझ्या वडलांना, अण्णांना कळू देऊ नकोस. त्यांच्या लेखी मी अजून कुणीतरी आहे. मी मोठ्या आईच्या पायावर डोकं ठेवीन, म्हणशील तेव्हा.

सुदर्शन


अजिंठा
१६ मे २०२५

सुदर्शन,

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं. मग दुसऱ्यांदा वाचलं अन् रडू आल्याचाच राग आला. मग इंग्रजी करायला बसले. तुझी तिन्ही पत्रं मी शब्दाला शब्द तर्जुमा करून आइनोबाईला पाठवलीत. लिही म्हणून का मागं लागले होते, आलं ध्यानात?

ती म्हणाली, सीनच काढून टाकते. आईची माफी मागायला स्वतः येते. सुदर्शनचं नाव काढते, बोलावणं रद्द करते. फॉर्मसाठी तिनं मुदत पण वाढवून घेतलीय.

मी म्हणाले, थांब बाई.

सीन काढला तर तू सुटलास. चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाचं शूटिंग, दुसऱ्या कुणाची आई. गावात सांगत फिरशील, फिरंगी बाईनं फसवलं, माझं नाव खाल्लं. तेवढा स्वस्त नाय सोडायचा तुला. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या अन् तिनं तिन्ही कबूल केल्या, अर्थात आई हो म्हणाली तर.

तिनं त्या रडण्यावर सारंगी का व्हायोलिन चढवलं होतं, ते काढायचं. नुसता आईचा आवाज राहील. खाली आईचा एकेक शब्द येईल, मी केलेला तर्जुमा, तुझ्या नावासकट. फिनलंडच्या भाषेत, फ्रेंचमध्ये, इंग्रजीत. ते तुझं 'माझ्या बाळा, माझ्या बाळा' गेलं उकिरड्यावर.

अन् तुझं नाव काढायचं नाय. हे मी तिला दोनदा बजावलं. शेवटी नावं वर सरकतील तेव्हा 'भाषा व संस्कृती सल्लागार' म्हणून तुझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट आलं पाहिजे. सुदर्शन कोण, ज्याला दूध पाजलं तो कोण, हे लोक विचारत बसायला नकोत. बोलावणं पण रद्द करू नको म्हणाले मी. जा की. सूट शिव. पुढच्या खुर्चीत बस अन् शंभर गोऱ्या माणसांमध्ये वाच.

दुसरा खेळ इथं संभाजीनगरात होणार, दिवाळीच्या आधी. इथं तर्जुम्याची पण गरज नाय. भावकीला मी स्वतः बोलावणार. तुझे वडील, म्हणजे आमचे कारभारी काका, त्यांना मी हाताला धरून पहिल्या रांगेत बसवणार. अण्णांना कळू देऊ नको म्हणतोस? मी नाय सांगत. आईच सांगेल, पडद्यावरून.

आईला अजून विचारलेलं नाय. तिचा अंगठा तिचा आहे. पण मी तिची लेक आहे अन् मला तिचं मन माहीत आहे.

अपेक्षा


गारखेडा
२४ मे २०२५

अपेक्षा,

मंगळवारी मी वस्तीवर आलो होतो, तुला कळलंच असेल. शिवम फाटकात उभा होता. मी इरकल पुढं केली तर त्यानं ती घेऊन कडब्याच्या गंजीवर ठेवली आणि फाटक लावून घेतलं. आतून मोठ्या आईचा आवाज आला, कोण आहे रं? तो म्हणाला, कुणी नाय.

मी हरलो, लिहून देतो. नाव काढा, बोलावणं रद्द करा, काय करायचं ते करा. पण ते शब्द पडद्यावर आणू नकोस. तिकडं चालतील, तिकडं मला कोण ओळखतं? इथं नको. अण्णा ते ऐकून जिवंत राहणार नाहीत. त्यांनी मोठ्या आईला आयुष्यभर आईच्या जागी मानलंय. माझ्या बायकोला अजून काही माहीत नाही. मी ह्या शहरात तोंड कुठं दाखवू?

तू सूड घेतेस, घे. पण मोठ्या आईच्या तोंडून का घेतेस? तुला तिचं मन माहीत आहे म्हणतेस. मलाही माहीत आहे. तिनं मला पाजलंय. तिला नीट विचार, मधे तुझं काही घालू नकोस. म्हणावं, सुदर्शन पाया पडून सांगतोय, चुकला, पदरात घे. ती हे रडणं कधीच दाखवू देणार नाही. ती मला माफ करील. पैज लावून सांगतो, ती माफ करील.

माझी सगळी पत्रं तिला वाचून दाखव. वगळू नकोस काही.

सुदर्शन


अजिंठा
२ जून २०२५

सुदर्शन,

तू सांगितलंस तसंच केलं. काल दुपारी आईला सगळं वाचून दाखवलं, तुझी पत्रं अन् माझी पण. काही वगळलं नाय, वरचं काही घातलं नाय. ती तूर भरडत बसली होती. मधेच जातं थांबवायची अन् म्हणायची, एवढं परत वाच. तुझं 'मी सांगितलं तर शंका घेणार नाही' हे तिनं तीनदा वाचायला लावलं.

मग मी तिला ती सात मिनिटं लॅपटॉपवर दाखवली. मला वाटलं होतं, बघणार नाय. सगळी बघितली. एवढंच म्हणाली, चांगली रडले गं मी.

आज पहाटे विहिरीवर जाऊन आली, ओल्या केसानं माझ्यापुढं बसली अन् म्हणाली, त्याला लिही. तिच्या शब्दांत लिहिते:

"सुदर्शना, अंगठा दिलाय. दोन ठिकाणी मागितला होता, दोन्ही ठिकाणी दिलाय. त्या बाईला म्हणावं, दाखव, जिथं दाखवायचं तिथं दाखव. मला लाज नाय. मी काही खोटं रडले नव्हते.

तू लिहितोस, मोठी आई माफ करील. जित्याजागत्या लेकाला केलं असतं.

रडून झालं की बायका विहिरीवर जातात, डोक्यावरून पाणी घेतात, मग घरात चूल पेटते. त्या दिवशी सांजच्याला शिवम दारात आला, म्हणून माझी आंघोळ राहिली. तवापासून घरात सुतक असल्यावाणी वाटायचं. लेक डोळ्यांपुढं बसलेला, तरी कुणीतरी गेलंय असं वाटायचं. म्हणून मी त्याला दहादा हाका मारायचे. काल पोरीनं वाचलं तवा कळलं. दोघांना पाजलं होतं, त्यातला एक खराच गेला होता. मी भलत्याच्या नावानं रडले.

आज पहाटे तुझ्या नावानं आंघोळ केली."

पुढं काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाली, मेलेल्याला अजून काय लिहायचं असतं?

मी तुला शंभर गोऱ्या माणसांपुढं बसवणार होते, सगळ्या भावकीपुढं उभा करणार होते. तेही करणारच आहे, त्यात काही बदल नाय. पण आईनं आज सकाळी बादलीभर पाण्यात जे केलं, ते मला जन्मात जमलं नसतं. फॉर्मची झेरॉक्स सोबत आहे. मूळ कागद फिनलंडला गेला.

आंघोळीहून आल्यावर आईनं दोन भाकरी खाल्ल्या अन् किल्ली खुंटीवरून काढून शिवमच्या हातात दिली. म्हणाली, किती दिवस बसशील, जा कामाला. तो जुन्या ठेकेदाराला विचारायला वाळूजला गेलाय. दुपारचे तीन वाजलेत. तिनं अजून एकदाही फोन लावायला सांगितला नाय.

अपेक्षा